माहिती देणारी: बहीण

मंगळवार, १४ मार्च
दुपारी, ड्यूटीवरून आल्यावर

बारक्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तू खुशाल असशील, असं लिहून दोन कागद फाडले. हा तिसरा. यावर तसलं काही लिहीत नाही.

तुझा पत्ता, तू आधी कामाला होतास त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांकडून काढला. आधी ते नाहीच म्हणाले, त्याने कुणाला देऊ नका म्हणून सांगितलंय म्हणाले. मी काउंटरसमोर ठाण मांडून बसले. तीन गिऱ्हाइकं होऊन गेली तरी उठले नाही, तेव्हा वैतागून कागदावर खरडून दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. तू अजून काचा घासतोस हे त्यांच्याकडूनच कळलं, बरं वाटलं. माझ्या चष्म्याची डावी काच तू बसवलेलीच आहे अजून. फ्रेम दोनदा पडली, काच हलली नाही.

पाकिटावर मागे नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. माझं अक्षर ओळखून न उघडताच फेकशील याची भीती होती, म्हणून पत्ता छपाईसारखा लिहिला. चार वर्षांत तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. मीही कुठे फार लिहिलं म्हणा. वाढदिवसाला फोनवर दोन ओळी, की झालं माझं कर्तव्य.

आज लिहिते आहे ते काल वॉर्डात जे झालं त्यामुळे. बावीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली, आता बायकांच्या वॉर्डाची इनचार्ज आहे. माणसं अंगावर धावून आलेली पाहिलीत, ताटं फेकलेली पाहिलीत, मला कधी काही झालं नाही. काल मात्र मी एक्स-रेच्या खोलीत खुर्ची शोधत होते.

आमच्याकडे एक शिलाईवाल्या मावशी आहेत. पंचावन्नच्या असतील. आयुष्यभर कपडे शिवले. आल्या तेव्हा वारलेल्या नवऱ्याशी भांडत होत्या, तेही तावातावानं, जेवणखाण सोडून. गोळ्या सुरू केल्यावर दहा दिवसांत नवरा गप्प झाला. (मेट्रन म्हणाल्या, संसारात जे जमलं नसेल ते गोळीनं केलं.) पण एक गोष्ट काही जाईना. मावशी म्हणायच्या, माझ्या टाचेत सुई आहे. ती चालते. रोज सकाळी, संध्याकाळी तेच. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी टाच दाबून पाहिली, सूज नाही, जखम नाही, कागदावर लिहिलं: सुई असल्याचा भ्रम. झालं. मग प्रत्येक पाळीत प्रत्येक सिस्टरनं तेच खाली उतरवलं.

काल मावशी न्हाणीघरात घसरल्या. घोटा सुजला, म्हणून एक्स-रेला पाठवलं. पाच मिनिटांत तिथल्या माणसाचा मला फोन, आवाज चढवून. फोटोआधी पेशंटच्या अंगावरच्या पिना काढायच्या हे इतक्या वर्षांनी मी सांगायचं का, म्हणाला. मी म्हटलं, पिना कुठल्या, आम्ही वॉर्डात पीन ठेवतच नाही. तो म्हणाला, मग या आणि बघा.

गेले. काळ्या फिल्मवर टाचेचं हाड, आणि त्याच्याखाली तिरकी, पांढरी, लख्ख, अर्धी सुई. शिलाई मशीनची.

मावशी टेबलावर पाय सोडून बसल्या होत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "सोळा नंबरची आहे. जाड कापडाची. मी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं, बारक्या. नंबरसकट सांगितलं होतं. अनवाणी पायानं मशीन मारायच्या, सुई मोडून खाली पडली आणि पाय पडला, इतकं सविस्तर सांगितलं होतं. सव्वीस दिवस. मी वॉर्डात येऊन नोंदवही काढली. अकरा नोंदी माझ्या अक्षरात आहेत. 'सुईचा भ्रम कायम.' एके ठिकाणी तर मी 'कालप्रमाणेच' लिहून मोकळी झाले आहे.

आम्हाला शिकवतात ते तुला ठाऊक आहे, तू दोनदा भोगलं आहेस. भ्रमाशी वाद घालायचा नाही. दुजोराही द्यायचा नाही. गोड बोलून विषय बदलायचा. मीच नव्या पोरींना हे शिकवते, आणि छान शिकवते. मावशींनी सुई म्हटलं की मी म्हणायची, बरं मावशी, आज केस विंचरायचे का? त्या बिचाऱ्या विंचरून घ्यायच्या.

आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला म्हणालास, ताई, दादा आईला पलंगाला बांधून ठेवतो, तेव्हा मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, बरं, चहा घेतोस?

आज जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये गेले. तिथल्या कारकुनाला काहीतरी सांगून तुझी फाइल मागितली. पहिल्या वेळची पानं वाचली. मोरीच्या नळातून शेजारी तुझ्याबद्दल बोलतात, ते सगळं. ते खरंच आजारपण होतं, तूही नंतर तसंच म्हणायचास, हसायचाससुद्धा. मग दुसऱ्या वेळचं पान. तुझी तक्रार एका ओळीत: 'मोठा भाऊ आईस पलंगास बांधतो असा ठाम समज.' त्याखाली छापील रकाने असतात. माहिती देणारी व्यक्ती: बहीण, याच रुग्णालयात परिचारिका. माहिती विश्वासार्ह आहे का: होय.

बस्स. पुढे कुणी काही तपासलं नाही. होय लिहिलं आणि सहा आठवडे तुला ठेवलं.

मी तेव्हा दादाला फोन करून विचारलं होतं. तो तसं काही नाही म्हणाला, म्हणून मी डॉक्टरांना तसं सांगितलं. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

उद्या माझी सुट्टी आहे. मी आईकडे दरवेळी रविवारी चारला जाते, हे तुला माहीतच आहे. उद्या बुधवार असून जाणार आहे. न सांगता. पत्र तोवर बंद करत नाही.


गुरुवार, १६ मार्च

काल दिवसभर पेन हातात धरवलं नाही. आज लिहिते. जे पाहिलं ते पाहिलं तसं लिहिते, माझं त्यात काही घालत नाही.

साडेबाराला पोचले. दादा-वहिनी कामावर. आई धड होती तेव्हा तिनं मला एक किल्ली दिली होती, अडीअडचणीला असू दे म्हणून. इतक्या वर्षांत मी ती कधी वापरली नाही. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं.

घर स्वच्छ. रेडिओ मंद लावलेला. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, उन्हाची तिरीप तोंडावर येऊ नये म्हणून. आई पलंगावर उताणी. दोन्ही मनगटं पलंगाच्या दोन बाजूंच्या दांडीला बांधलेली. खाली कापूस घालून, नीट. उशाशी पेल्यात पाणी आणि वाकडी नळी, मान वळवली की पिता येईल अशी. चादर कोरडी होती. हाल म्हणावेत असं काही नव्हतं, बारक्या. रागावून नव्हतं बांधलेलं. काळजीनं बांधलं होतं. रोजचं होतं ते.

पट्ट्या निळ्या काठाच्या होत्या. कोपऱ्यात आमच्या रुग्णालयाचा शिक्का. गाठ आमची. वॉर्डातली, एक टोक ओढलं की सुटणारी. मी सवयीनं पट्टीखाली बोटं घातली. बरोब्बर दोन गेली.

त्या पट्ट्या तिथे कशा आल्या ते सांगते पुढे. सांगणार आहे.

आईनं डोळे उघडले. मला म्हणाली, "सिस्टर, आज लवकर आलात?"

मी गाठी सोडल्या. हात चोळले. तिला धरून संडासला नेलं, तोंड पुसलं, चहा केला. दोन कप प्याली, बिस्किटं बुडवून. मला ओळखलं नाही, पण गप्पा मारल्या. बाहेर आवाज आला तसं विचारलं, बारक्या आला का जेवायला? हे ती दर रविवारी विचारते. चार वर्षं मी तिचा विषय बदलते आहे. काल बदलता आला नाही. म्हटलं, नाही आला. मी घालवला त्याला. ती म्हणाली, मग बोलव की. इतकं सोपं करून टाकलं तिनं.

तिच्या मनगटांवर तो डाग आहे, फिकट, बांगडीसारखा गोल. मला तो पाठ आहे. वॉर्डात असे डाग मी रोज तपासते. आईच्या हातावर तो मी कित्येक रविवार पाहिला आणि त्यावर क्रीम लावलं.

पाचच्या सुमाराला दारात किल्ली वाजली. आई खुर्चीवर बसली होती, कप हातात. कप खाली ठेवला. उठली. एकटी चालत पलंगापाशी गेली, आडवी झाली, आणि दोन्ही हात दांडीपाशी नेऊन ठेवले. तळवे वर करून. कुणी काही बोललं नव्हतं.

वहिनी आत आली. खांद्याला पिशवी तशीच. आईकडे पाहिलं, सुटलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मटकन जमिनीवर बसली. मी तोंड उघडणार होते. काय काय सुनवायचं ते मनात जुळवून बसले होते. त्याआधी तीच म्हणाली, "वन्सं, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."


शनिवार, १८ मार्च

ठाऊक होतं.

हे दोन शब्द लिहायला दोन दिवस लागले. मंगळवारी लिहिलं ना की दादा तसं काही नाही म्हणाला? ते खोटं आहे. कागद फाडून पुन्हा लिहिणार होते. मग म्हटलं राहू दे, बहीण किती सहज खोटं लिहिते ते त्याला दिसू दे.

आता क्रमानं सांगते.

तू बोललास त्याच्या वर्षभर आधी आईला छातीचा संसर्ग झाला होता. तू तेव्हा कामाच्या गावी होतास. घरीच सलाइन लावलं होतं आणि आई ते उपटून टाकायची. दोनदा रक्त आलं. मी वॉर्डातून चार पट्ट्या पर्समध्ये घालून नेल्या, कुणाला न विचारता. दादाला आणि वहिनीला समोर बसवून गाठ शिकवली. कापूस घाला, दोन बोटं जायला हवीत, अर्ध्या तासानं सोडा, हात हलवा, पुन्हा बांधा. वहिनीनं तर माझ्या हातावर बांधून सराव केला. सलाइन दोन दिवसांचं होतं. पट्ट्या परत आणायच्या राहिल्या.

पुढे आईनं दोनदा गॅस चालू ठेवला. एकदा गाऊनवर रस्त्यात जाऊन उभी राहिली, एक गाडी कचकन थांबली म्हणून वाचली. दोघांच्या नोकऱ्या. दादानं मला तेव्हा विचारलं होतं, काय करू. मी म्हटलं, बघू काहीतरी. आणि वॉर्डात निघून गेले. त्यानं जे हाताशी होतं ते वापरलं. अर्ध्या तासाचा तास झाला, मग दुपार, मग दिवस.

मग तू दुपारी अचानक त्याच्याकडे गेलास, आणि पाहिलंस.

तू मला सांगितलंस तेव्हा तू चार दिवस झोपला नव्हतास. भरभर बोलत होतास, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास. मला खरंच भीती वाटली की पुन्हा सुरू झालं. तेवढं मात्र खरं आहे. मी दादाला फोन केला. विचारलं, बारक्या म्हणतो आईला बांधता. दादा म्हणाला, अगं तू शिकवलंस तसंच, आम्ही कामावर असतो तेवढंच.

आणि मी विचारलं, "दोन बोटं जातात ना?"

तो हो म्हणाला. मी फोन ठेवला.

आपल्या आईला दिवसभर बांधतात हे ऐकून तुझ्या बहिणीनं इतकंच विचारलं. पट्टी नीट आहे का, एवढंच. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, बारक्या. बावीस वर्षांत हात इतके सरावले की कुणाचे हात आहेत ते बघायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत का? मी हो म्हटलं. तसं काही आढळलं? मी नाही म्हटलं. खरं सांगितलं असतं तर पट्ट्यांचं विचारलं असतं. त्याच महिन्यात माझं इनचार्जचं पत्र निघायचं होतं.

आणि आता ते एक. तुला माहीत आहे मी काय म्हणते आहे. इतकी पानं मी त्याच्याभोवती फिरते आहे.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तू दाराकडे धावलास. आईकडे जाऊ द्या म्हणत होतास. चौघांनी धरलं. मला बायकांच्या वॉर्डातून बोलावून घेतलं, बहिणीचं ऐकेल म्हणून. तू मला पाहून खरंच शांत झालास. हात ढिले सोडलेस. मी त्याचा फायदा घेतला आणि तुझी मनगटं बांधली. माझ्या हातानं. तू मान वळवून गाठीकडे बघत राहिलास. काचेवरचा ओरखडा पाहतोस तसा. मग म्हणालास, "हीच गाठ. ताई, हीच गाठ आहे."

बाकीचे हसले नाहीत, पण एकमेकांकडे बघितलं. नोंदीत लिहिलं गेलं, भ्रमात वाढ, आता रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही त्यात ओढतो. औषध वाढवलं.

त्या खोलीत तुझ्याइतकंच मलाही कळलं होतं की तू शुद्धीवर आहेस. मी बोटं घालून पाहिली. दोन जात होती. मग माझ्या वॉर्डात जाऊन मी दुपारच्या गोळ्या वाटल्या. एकही चुकली नाही.

क्षमा कर असं लिहायला मला तोंड नाही, म्हणून लिहीत नाही. काय केलं ते लिहिते.

आईला बुधवारीच माझ्याकडे क्वार्टरमध्ये आणलं. दादा आडवा आला नाही. आतल्या खोलीत दार लावून रडला, त्याचा आवाज बाहेर येत होता. त्याच्यावर हात उगारायचा असेल तर आधी माझ्यावर उगार, गाठ त्याची नव्हे. दिवसा आमच्या निवृत्त आयाबाई आईजवळ बसतात. दाराला घंटी लावली आहे. दार वाजलं की आई अजून पलंगावर जाऊन हात ठेवते. वॉर्डात अशा बायकांच्या हातांना आम्ही काम देतो, हे मला घरात सुचायला तीन दिवस लागले. आज तिच्यापुढे वाटाणे सोलायला ठेवले. दार वाजलं, ती अर्धी उठली, हातातल्या शेंगेकडे बघितलं, आणि पुन्हा बसली. शेंग पुरी सोलली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

काल मेट्रनना सगळं लेखी दिलं. पट्ट्या, फोन, डॉक्टरांना दिलेली दोन खोटी उत्तरं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, हे मला वर पाठवावं लागेल, तुला समजतंय ना? म्हटलं, त्यासाठीच दिलंय. चौकशी होईल. इनचार्ज राहणार नाही हे नक्की, नोकरीचंही सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या फाइलला एक पान जोडलं आहे, की दुसऱ्या वेळची तक्रार खरी होती. त्याची प्रत सोबत पाठवते. जिथे दाखवायची तिथे दाखव. ते तुला भेटायला तयार आहेत, तुला हवं असेल तरच.

एक सांगते, सिस्टर म्हणून नव्हे. हे वाचून गोळ्या टाकून देऊ नकोस. पहिलं आजारपण खरं होतं. गोळ्यांचं काय करायचं ते तुझ्या तिथल्या डॉक्टरांना विचार. माझं ऐकून आता काही करू नकोस, चांगलं किंवा वाईट.

शिलाईवाल्या मावशींची सुई काढली. डबीत घालून त्यांच्याजवळ दिली, त्यांनी मागितली म्हणून. खरंच सोळा नंबरची निघाली. त्यांना विचारलं, इतके दिवस आम्ही ऐकलं नाही, तरी तुम्ही सांगत का राहिलात? म्हणाल्या, दुखत होतं म्हणून.

तू सांगायचं थांबवलंस. सहा आठवड्यांच्या शेवटी डॉक्टरांनी विचारलं, आईला बांधतात असं अजून वाटतं का, आणि तू नाही म्हणालास. त्यांनी लिहिलं, सुधारणा. तू बाहेर आलास आणि तसाच बसस्टँडवर गेलास. सुटायला तुला खोटं बोलावं लागलं. ते मी शिकवलं.

ये असं मी म्हणणार नाही. आई म्हणते आहे. रोज म्हणते, आता तिचा विषय कुणी बदलत नाही. आलास तर माझ्याशी बोलू नकोस, मी ड्यूटीवर असेन, किंवा ड्यूटी नसली तर बाहेर बाकावर बसेन. घंटी वाजवून ये. तिच्या हातात काहीतरी असेल.

माहिती देणारी व्यक्ती: बहीण.
माहिती विश्वासार्ह आहे का: हा रकाना कोरा ठेवला आहे. तू भर.